हवामामा आणि टायरची भिंत

माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात. आमच्या मामाच्या खिशाला टायरमधली हवा मोजायची नळी असायची. चकचकीत, बोटभर लांब, क्लिप लावलेली, दिसायला हुबेहूब पेन. बँकेच्या रांगेत कुणी "जरा पेन देता का?" म्हटलं की मामा ती मुकाट्याने काढून द्यायचा. तो माणूस टोपण शोधायला लागला की मग शांतपणे म्हणायचा, "लिहीत नाही ती. मोजते." त्याचं नाव वसंत, पण ते फक्त आई-बाबांच्या तोंडी. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, शेखरला, तो हवामामाच होता.

मामा मोटार विम्याचा सर्व्हेअर होता. अपघात झालेली गाडी बघायची, काय तुटलं आणि कशामुळे तुटलं याचा अहवाल लिहायचा, हे त्याचं काम. निम्मे दिवस साकीनाक्याच्या गॅरेजांत जायचे. "चेपलेलं बोनेट सगळे बघतात," तो म्हणायचा. "मी आधी खाली बघतो. एवढी मोठी गाडी, पण रस्त्याला धरून असते चार तळहातांएवढ्या जागेत. गाडीचं आणि रस्त्याचं भांडण काय ते तिथेच सुरू होतं." मालक काय सांगतो ते तो सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि टायरशी उकिडवा बसायचा.

मामी लवकर गेली होती आणि मूलबाळ नव्हतं, त्यामुळे रविवारी तो घाटकोपरहून पार्ल्याला आमच्याकडे जेवायला यायचा. पण थेट वर येईल तर शपथ. खाली उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या टायरच्या बाजूला अंगठा दाबून बघायचा. आई गॅलरीतून ओरडायची, "चहा निवतोय रे वसंता!"

"आलो ताई. ही मागची डावी बसलीय जरा."

"कुणाची गाडी ती?"

"काय माहीत."

"मग वर ये की मेल्या! तू काय बिल्डिंगचा डॉक्टर आहेस?"

वर आला की तो काळा अंगठा पुढे करून दारातच उभा राहायचा. त्याच्यासाठी मोरीत वेगळा साबण ठेवलेला असे. त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे त्या काळी टॅक्सी असायची त्याच बनावटीची, फक्त रंग पांढरा. लहान लोखंडी रिम, त्यावर उंच, फुगीर टायर. ती चालवताना मामा पुढे वाकून बसायचा आणि वळण यायच्या बऱ्याच आधी स्टिअरिंग फिरवायला घ्यायचा. शेखर खिदळायचा. "मामा, ही गाडी नाही, होडी आहे. तू वळवतोस घाटकोपरला आणि ही वळते साकीनाक्याला."

"वळते ना? मग झालं."

शेखरला नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली होती. त्याने मित्राबरोबर अर्ध्या-अर्ध्या भागीत तशीच एक जुनी गाडी घेतली आणि पहिल्या महिन्यात तिची चाकं बदलली. कुणीतरी दुबईहून आणलेल्या मोठ्या, चकाकत्या रिम आणि त्यांवर रुंद, ठेंगणे टायर. खाली सगळी बिल्डिंग बघायला जमली. मामा बसला, अंगठा दाबला. अंगठा आत गेला नाही. त्याने दुसरा टायर दाबून बघितला.

"कसं आहे, बोल ना," शेखर म्हणाला.

"वर चल. ताईने कणीक मळलीय का बघू."

मळलेलीच होती. मामाने ओट्यावरची एक छोटी वाटी आणि एक मोठं झाकण घेतलं. वाटीभोवती कणकेचं जाड कडं थापलं, झाकणाभोवती पातळ, आणि दोन्ही चाकं उंचीला सारखी करून ओट्यावर उभी केली. "हे बघ. चाकाची एकूण उंची ठरलेली, नाहीतर वेग दाखवणारा काटा खोटं बोलायला लागेल. म्हणजे रिम मोठी केलीस की तिच्यापासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत कमी करावीच लागते. आता बाजूने ढकल." शेखरने ढकललं. जाड कडं एका अंगाला कललं, पातळ हललंही नाही. "म्हणून तुझी गाडी वळणावर लगेच ऐकते. माझी आधी भिंत वाकवते, मग वळते. आता वरून दाब." जाड कडं दबलं आणि वाटी तशीच राहिली. पातळ कड्यातून झाकण टणकन ओट्यावर आपटलं. "हा खड्डा."

"ही पोळी आता कोण खाणार?" आई म्हणाली.

"शेखर खाईल. चाकं त्याची."

पण मामा हटवादी नव्हता. त्याच संध्याकाळी तो शेखरच्या शेजारी बसून हायवेवर फेरी मारून आला आणि वर येऊन कबूल केलं, "वळण झकास घेते हां. रुळावरून गेल्यासारखी." मग पाणी पिऊन कमरेवर हात ठेवला. "खड्डा पण झकास घेते." पुढचे कित्येक रविवार जेवताना दुसरा विषय नव्हता. शेखर म्हणायचा गाडीने हाताचं ऐकायला हवं, मामा म्हणायचा गाडीने आतल्या माणसाला सांभाळायला हवं. बाबा मधे बसून ताक भुरकायचे आणि कुणाचीच बाजू घ्यायचे नाहीत.

बाबांबद्दल सांगायला हवं. आमचा गणपती ते स्वतः करायचे, शाडूच्या मातीचा. घाटकोपरला त्यांच्या एका मित्राची मूर्ती करायची शेड होती. तिथे एका कोपऱ्यात ऑफिस सुटल्यावर त्यांचं काम चालायचं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. औषधं, व्यायाम, डॉक्टरांच्या वेळा हे सगळं मी लावून दिलं होतं. त्यात मूर्ती नव्हती. पण आषाढात त्यांनी शेडवर जायचा हट्ट धरला आणि डाव्या हाताने सुरुवात केली. तो हातही थरथरायचा. मामा रोज संध्याकाळी त्यांना पार्ल्याहून न्यायचा आणि परत आणून सोडायचा. मूर्ती नेहमीपेक्षा लहान झाली, एक डोळा किंचित वर गेला, पण झाली. शाडू ठिसूळ असतो. एखादं बोट जरी उडालं तरी ती मूर्ती पूजेला चालत नाही, दुकानातून दुसरी आणावी लागते. बाबांकडून दुसरी होणार नव्हती. मूर्ती पूर्ण झाली त्या दिवशी ते बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले होते.

ती घरी कोणत्या गाडीतून आणायची यावर वाद झालाच नाही. पावसाने रस्त्यांची वाट लागली होती. शेखर स्वतःच म्हणाला, "माझी नको. हाडं खिळखिळी होतात." मामाने नुसती मान डोलावली, पण त्याचा खुललेला चेहरा मला दिसला. इतक्या रविवारांचा निकाल लागला होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मामा गाडी चालवायला, मी मागे, मांडीवर पाट, पाटावर रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती. शेखर माझ्या शेजारी, डोक्यावर टोपी, एक हात पाटाला. बाबा पार्ल्याला घरी थांबले होते. निघण्यापूर्वी मामाने चारही टायरमधली हवा थोडी थोडी काढली. "अजून मऊ जाईल," तो म्हणाला. आणि खरंच, असल्फ्याच्या खड्ड्यांतून गाडी अशी गेली की मांडीवर जडपणा सोडून काही जाणवलं नाही. मामा आरशातून आमच्याकडे बघत होता. "काय गो, पालखीत बसल्यासारखं वाटतं की नाही?"

साकीनाक्याच्या अलीकडे एक ट्रक अचानक आडवा आला. वेग बेताचाच होता. मामाने स्टिअरिंग फिरवलं. गाडी क्षणभर तशीच सरळ गेली, मग एकदम वळली आणि एका अंगावर कलली. कलतच राहिली. मूर्ती माझ्या खांद्यावर आली. शेखरने दोन्ही हातांनी पाट आवळला आणि ओरडला, "मामा!"

गाडी कडेला थांबली. मामा मागे वळला नाही. समोर बघतच म्हणाला, "बोटं बघ. बोटं."

मी रुमाल उचलला. सोंड, कान, आशीर्वादाचा हात. "आहेत, मामा. सगळी आहेत."

"नीट बघ."

"नीट बघितली."

मग तो खाली उतरला, पुढच्या चाकाशी बसला आणि अंगठा दाबला. अंगठा नको तेवढा आत गेला. उंच भिंत, त्यात हवा कमी. टायर बाजूला वाकला होता आणि सगळी गाडी त्याच्यामागून गेली होती. ही गोष्ट त्यानेच आम्हाला कणकेची वाटी घेऊन शिकवली होती. शेखरला काय वाटेल ते बोलता आलं असतं. तो खाली उतरला आणि एवढंच म्हणाला, "पुढे पंक्चरवाला आहे, मामा. हळू घेऊ तिथपर्यंत."

पंक्चरवाल्याकडे मामाने खिशातली नळी काढून शेखरच्या हातात दिली. ती कुणाला वापरायला दिलेली मी कधी बघितली नव्हती. "तू मोज. पूर्ण भरून घे." आणि पाठोपाठ किल्ली. "चालव पण तूच. माझा हात आज बरोबर नाही."

"अरे, मला या होडीची सवय नाही!"

"मी बाजूला आहे ना. हिला आधी सांगायचं, मग थांबायचं. ती ऐकते, पण तिला वेळ दे."

बाकीचा रस्ता तसा गेला. प्रत्येक वळणाआधी मामा हळूच "आता" म्हणायचा आणि शेखर स्टिअरिंग फिरवायचा.  

पार्ल्याला मूर्ती शेखरने हातात घेतली. दारात आईने त्याच्या पायांवर दूध-पाणी घातलं, मूर्ती ओवाळली, आत घेतली. बाबा खुर्चीत बसून होते. रुमाल निघाला. माझ्या खांद्याला टेकलेल्या जागी मूर्तीच्या दंडावरचा रंग खरवडला होता. आम्ही कुणी काही म्हणायच्या आत मामा पुढे झाला.

"भावोजी, वाटेत मी मूर्ती पाडत होतो. मुलांनी धरली म्हणून वाचली. हवा मी जास्त काढली होती. चूक माझी."

 बाबांनी मूर्ती पुढे आणायला लावली आणि बराच वेळ दंड बघितला. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाले, "वसंता. रंगाची वाटी धर."

मूर्तीबरोबर शेडवरून आणलेल्या पिशवीत रंग होता. मामाने वाटीत कालवला आणि खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला. बाबांचा डावा हात ब्रश घेऊन निघाला, थरथरत, कधी वाटीच्या वर, कधी बाजूला. मामाने त्या हाताला हात लावला नाही. वाटी मात्र ब्रश जाईल तिकडे जात होती, वर, खाली, डावीकडे, रंगाचा एक थेंब सांडू न देता. दंड रंगायला अर्धा तास लागला. 

त्यानंतर बाबांनी आणखी दोन गणपती केले, आणि दोन्ही वर्षी रंगाच्या दिवशी मामा रजा टाकून शेडवर हजर. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात, गॅरेजमध्ये काम करत असतानाच, त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटल गाठेपर्यंत तो गेला. बाबा पंधरा दिवस खुर्चीतून उठले नाहीत. आषाढात मात्र पुन्हा शेडवर जायला निघाले.

रंगाच्या दिवशी वाटी धरायला शेखर बसला. त्याने ती दोन्ही हातांत गच्च धरली, काडीभरही हलू दिली नाही. बाबांचा ब्रश काठावर आपटला. पुन्हा बुडवायला गेले, पुन्हा आपटला. रंग शेखरच्या मनगटावर ओघळला.

"असं नाही रे," बाबा म्हणाले. "वसंता माझ्याबरोबर हलायचा."