माघातला समुद्र

“धान कापून माघात गेलो, त तवापर्यंत पुरीच्या समुद्रात पानी राहीन का?”

अर्जुनी स्टेशनच्या तिकीटखिडकीशी एक म्हातारा शेतकरी विचारत होता. मी त्याच्या मागे उभी होते.

आतला बाबू हसला. “दादाजी, समुंदर कधी सुखते का?”

“आमचा तलाव त दिवाळीपासून उतरते. धानाले सोडतो ना आमी.”

“समुद्राचं पाणी कोणी सोडत नाही.”

“मंग एवढं पानी भरून ठेवलं कायले?”

त्याच्या काठीवर तलावाचं पाणी मोजायच्या खुणा होत्या. त्या तो अंगठ्याने चाचपत राहिला. त्याने आयुष्यभर पाहिलेलं सगळं पाणी कुणाच्या तरी कामाचं होतं.

बाकावर त्याची बायको डोळे मिचकावत बसली होती. तिच्याकडे पाहत तो म्हणाला, “बुढीच्या डोऱ्यात मोतिया वाढून राहिला. यंदा नाई पायला, त मंग तिले का दिसन? अन् उभा धान टाकून आता जाऊ कसा?”

मग माझ्या हातातलं इंग्रजी पुस्तक पाहून तो वळला. “बाई, तुमी शिकल्या हा. तुमी सांगा.”

मी अनोळखी माणसांशी बोलत नसे. भरती-ओहोटी मला इंग्रजीतच पाठ होती. बुढीनेही मान माझ्याकडे वळवली.

“उतरतो, काका,” मी म्हणाले, “पण रोज पुन्हा भरतो. काकूंना माघात न्या.”