माळावरचं कुंपण

आज माळावर खाटीक पक्ष्याने एक टोळ काटेरी तारेला टोचून ठेवलेला दिसला. तार साहेबांच्या वृक्षारोपणाची. वनखात्यात मी वन्यप्राण्यांच्या अधिवासाचं काम बघतो, म्हणून तेव्हा म्हटलं होतं, "साहेब, इथे चिंकारे चरतात. गवतच राहू द्या."

गाडीची काच खाली करून साहेब म्हणाले, "अहो, सगळं ओसाड पडलंय. जरा हिरवं करा."

झाड दिसलं नाही की या लोकांना जमीन रिकामीच वाटते. टक्कल दिसलं की टोप चढवायचा, एवढीच यांची निसर्गाची समज. रोपं केव्हाच वाळली. चिंकारे तारेबाहेरून गवताकडे बघत उभे असतात.

उद्या साहेब पाहणीला येताहेत. कुंपणाचा फायदा झालेला एकमेव जीव, हा खाटीक, मी त्यांना दाखवणार आहे. अर्थात, त्यासाठी त्यांना गाडीतून उतरावं लागेल.