गाडीचं माहेरपण

एसटीतून निवृत्त झालेल्या मुरारी ड्रायव्हरने आयुष्यभर कशेडी घाटात भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. पण स्वतःची नवी गाडी घेताना शोरूमवाला म्हणाला, "पहिले हजार किलोमीटर इंजिनाला ताण देऊ नका," आणि गडी गोगलगाय झाला. महाडहून निघाल्यापासून कोंबड्यांचा टेम्पोसुद्धा हॉर्न मारून पुढे गेला, तरी हा ढिम्म. पोलादपूर सोडून चढ लागला, तशी त्याने गाडी कडेला घेतली.

"रंगू, जरा उतरून चालतेस? इंजिनाला भार नको."

बायको जागची हलली नाही.

"माझी हळद उतरली नव्हती, तवा लावणीच्या चिखलात उतरवलंत मला. तवा कोण बोललं नाय, हिला ताण देऊ नका!"

मुरारीने पहिला गिअर टाकला. रंगूबाईला घेऊन गाडी जराही न कुरकुरता घाट चढली.