आमचे साडू आणि पेशीतलं पाणी

माझे थोरले साडू पाण्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने भाविक माणूस देवाकडेही बघत नसेल. देवाकडे निदान काहीतरी मागायचं असतं. साडूंना पाण्याकडून काही नको. नेरच्या कॉलेजात त्यांनी उभी हयात जीवशास्त्र शिकवलं, आणि परासरणाचा धडा आला की पुस्तकात आणखीही धडे आहेत याचा त्यांना विसर पडायचा, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, धडा राहिला. मग त्या वर्गात आम्हा नातेवाइकांची भरती झाली.

त्यांच्याकडे मुक्कामाला गेलं की सकाळी चहाआधी मनुका बघाव्या लागतात. रात्री वाटीत भिजत घातलेली मनुका चिमटीत धरून ते उजेडाकडे नेतात. "काल कशी सुरकुतलेली होती! आज पाहा, कशी टम्म झाली. कोणी पंप लावला का? आत साखर दाट. पेशीचा पडदा साखरेले बाहेर जाऊ देत नाही, मंग पाणीच आत जाते. आपल्या पायानं!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पण खोटं कशाला बोलू, 'आपल्या पायानं' म्हणताना त्यांचा आवाज असा कापतो की चहा निवत असतानाही माझ्या अंगावर काटा येतो.

आर्णीला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. पंगतीत काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटलेलं. साडूंनी पानावरचा हात मागे घेतला, चष्मा पुसला आणि वाढणाऱ्याला विचारलं, "मीठ कधी टाकलं?" तो म्हणाला, "सकाळीच." "सकाळीच!" साडू ओरडले. मुलाचे काका जेवत नाहीत, ही बातमी तेवढ्यात मांडवभर झाली. मुलीचे वडील धावत येऊन हात जोडून उभे राहिले, मागे तिचे दोन्ही मामा, आणि कोणीतरी मानाची दुपट्टा-टोपी आणायला पळालं. "अहो, मी रुसलो नाही! कौतुक करून राह्यलो. मिठानं पेशीतलं सारं पाणी बाहेर बोलावलं, पाहा तं!" रुसलेल्या व्याह्यांची समजूत कशी काढायची हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, खूश झालेल्यांची कशी काढायची, ते कोणालाच सुचेना. शेवटी साडूंनी टोपी घालून घेतली तेव्हा पंगत पुढे सरकली.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई, या सगळ्याला "चालू द्या" म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात तिला बीपीची गोळी सुरू झाली आणि साडूंनी तिची तब्येत स्वतःच्या हाती घेतली. मीठ जवळजवळ बंद, आणि ऊन कडक म्हणून सारखं पाणी. ती पोळ्या लाटत असली तरी हे पेला घेऊन पाठीशी उभे.

"तहान नाही हो मले."

"पेशीले हाय. पी."

ती प्यायची. नवऱ्याच्या मायेला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही.

आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला असताना एका दुपारी ताई अंगणातल्या रिकाम्या खाटेशी बोलायला लागली. माझी बायको जवळ गेली, तर तिलाच विचारते, "तू कोणाची वं?" आम्ही तसंच तिला यवतमाळला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई साडूंना समजावू लागल्या. गोळीने अंगातलं मीठ कमी होत होतं, त्यात खाण्यातलं गेलं, वरून पाणी वाढलं. रक्तातलं मीठ उतरलं, आणि ते पाणी आता मेंदूच्या...

"पेशीत जाऊन राह्यलं," साडूंनी वाक्य पुरं केलं, आणि भिंतीला टेकून ते खाली बसले.

"मंग मीठ द्या ना बाई, लवकर द्या!"

"हळूहळूच द्यावं लागेल, सर. घाई केली तर मेंदूला इजा होईल."

साडूंनी मान हलवली. त्यांना ते कळलं होतं, हेच तर वाईट होतं. आम्ही बाकीचे नुसती काळजी करत होतो. बंद कवटीत काय चाललंय, ते त्यांना दिसत होतं.

मी ताईकडे बघत बसलो. मनुकेत शिरतं तेच पाणी, त्याच नियमाने, तितक्याच मुकाट्याने इथेही शिरत होतं. त्याला माया कळत नाही, आणि या माणसाने जन्मभर आपली आरती केली, हेही कळत नाही. बाहेर उन्हात उभा असलेला कडुनिंब, दाराशी झोपलेलं कुत्रं, मी स्वतः, सगळ्यांत ते या घडीला ये-जा करत होतं आणि कोणाला विचारत नव्हतं. मला त्याची भीती वाटली. आणि खरं सांगतो, हात जोडावेसेही वाटले.

"साडभाऊ," ते हळूच म्हणाले, "पोरायले मी सांगत होतो, पाणी आपल्या पायानं जाते. इथं तं मीच त्याले हात धरून नेलं."

ताई सावकाश ताळ्यावर आली. आधी तिने बहिणीला ओळखलं, मग नवऱ्याला. "दाढी काहून नाही केली?" एवढंच तिने विचारलं, आणि साडू असे रडले की शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी त्यांना आपल्या डब्यातली पोळी देऊ केली.

परवा नेरला गेलो होतो. ताई भाजी निवडत होती, तिने पाणी मागितलं. साडूंनी पेला भरून आणला आणि तिच्यापुढे तसेच थांबले. देईनात, खालीही ठेवीनात.

"लागली ना नक्की?"

"द्या इकडं. तहान माझी हाय," ताई म्हणाली, आणि तिने पेला त्यांच्या हातून काढून घेतला.

ती पिऊ लागली. साडू तिच्या हलणाऱ्या गळ्याकडे बघत उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पाण्याविषयी काही सांगायचं नव्हतं.