पांढऱ्या ग्रीसचे दोन डबे

धंतोलीतल्या दवाखान्यात प्रल्हादभाऊंना शेवटचं भेटले, तेव्हा ते आजारापेक्षा सलाइनच्या स्टँडवर जास्त वैतागलेले होते. स्टँडची चाकं किरकिरत होती आणि कुणीतरी त्यांवर खोबरेल तेलाची धार सोडली होती. "पाहा ना ताई, तेल टाकून राहिले! आज गप्प बसंल, उद्या धूळ खाऊन दुप्पट ओरडंल." त्यांनी रश्मीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, लगेच त्यांच्या गॅरेजमधून ग्रीसची डबी आणायला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर सांगत होती की स्टँड मागून आला तरी आता कळत नाही. चार दिवसांनी रश्मीचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले..." मी फोन ठेवला, खाली गेले आणि उगाचच माझ्या गाडीचा दरवाजा उघडून पाहिला. बंद केला, पुन्हा उघडला. जराही आवाज नाही. मग मात्र मला रडू आलं.

त्याला आता दीड महिना झाला. आमची ओळखही दरवाजापासूनच झाली होती. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. पन्नाशीत गाडी शिकले आणि एक जुनी गाडी घेतली. तिच्या दरवाजाचं रबर कुरकुरायचं, म्हणून मी घरातली पेट्रोलियम जेली त्याला सढळ हाताने चोळत राहिले. महिन्या-दोन महिन्यांत रबर असं फुगलं की दरवाजा लागेना. दोरीने बांधून गाडी आमच्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये नेली. प्रल्हादभाऊंनी रबर दाबून पाहिलं. "काय लावलं याले?" मी सांगितलं. "तुम्ही कुठं नोकरीले?" "शाळेत. केमिस्ट्री शिकवते." ते पुन्हा रबराकडे वळले आणि म्हणाले, "मंग बरोबर आहे." मला इतका राग आला होता! घरी येऊन पुस्तक उघडलं, तर रबर आणि पेट्रोलियमचं वैर त्यात चक्क छापलेलं होतं. मी ते वीस वर्षं मुलांना शिकवत होते.

पुढे शाळा सुटली की मी गॅरेजमध्ये टेकायला लागले. प्रल्हादभाऊ दहावीपर्यंत शिकलेले, पण ग्रीस म्हणजे ग्रीस, सगळं एकच, असं कुणी म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "कुठं लावायचं, कायले टेकते अन् किती तापते, हे पह्यले सांगा. मंग डबा उघडू." चाकाच्या बेअरिंगमध्ये कुणी बाहेरून साधं ग्रीस भरून आणलं, की ते पातळ होऊन बाहेर आलेलं ग्रीस बोटावर घेऊन गिऱ्हाइकाला दाखवायचे. "आपल्या मे महिन्यात माणूस वितळते, हे तर बिचारं ग्रीस." जुन्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं नवं कधी भरायचे नाहीत, आधी सगळं धुऊन काढायचे. आणि कुठलंही ग्रीस लावण्याआधी चिमूटभर घेऊन अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळायचे, डोळे बारीक करून. आमच्या सासूबाई पुरणाला असंच चोळून बघायच्या.

आता जे सांगणार आहे, ते नऊ वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यातली मास्तरीण जागी झाली. गॅरेजमधले कळकट डबे मला बघवेनात. मी सगळे डबे घासूनपुसून ओळीत लावले आणि त्यांच्या झाकणांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तशातली गत. दोन डबे पांढऱ्या ग्रीसचे होते. एक दरवाजाच्या बिजागऱ्यांसाठी, दुसरा ब्रेक ज्यांवर सरकतात त्या पिनांसाठी. त्या पिनांवर रबराची टोपणं असतात, त्यामुळे तिथे सिलिकॉनचंच ग्रीस लागतं. बिजागऱ्यांचं तिथे लावलं, तर रबर फुगतं, पिन अडकते आणि ब्रेक दगा देतो. चिठ्ठ्या लावून झाल्यावर पुन्हा एकदा पुसण्याच्या नादात माझ्याकडून त्या दोन डब्यांच्या झाकणांची अदलाबदल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याच गाडीच्या बिजागरीला ग्रीस लावायला बसले. 'दरवाजा' लिहिलेला डबा उघडला, चिमूट चोळली आणि थांबले. पुन्हा चोळली. "ताई, हे तर ब्रेकचं आहे." मग दुसरा डबा उघडून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. आदल्या संध्याकाळी कामठीच्या एका यंत्रमागवाल्यांच्या गाडीचे ब्रेक त्यांनी त्या दुसऱ्याच डब्यातून ग्रीस घेऊन बसवले होते. ती मंडळी दुपारी लेकराबाळांना घेऊन चिखलदऱ्याला निघणार होती. फोन लावला, कुणी उचलेना. "साध्या रस्त्यावर आज काही नाही होणार. पण घाटात ब्रेक तापले की..." हत्यारांची पेटी आणि रबराचा नवा संच त्यांनी माझ्या गाडीत टाकला. गाडी मी चालवली. तेवढ्या जोरात त्याआधी कधी चालवली नव्हती आणि नंतरही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा डिकीत बॅगा भरणं चाललं होतं. "दादा, थांबा. माह्या हातून ब्रेकले चुकीचं ग्रीस लागलं. दोन घंटे द्या, मंग जा." ते गृहस्थ भडकले. "इतके वर्षं काय करून राहिले तुम्ही? लेकरं आहेत ना गाडीत!" मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रल्हादभाऊ म्हणाले, "ताई, तो जॅक द्या इकडे." मी जॅक दिला... आणि गप्प राहिले. त्यांनी चाकं काढली, पिना धुतल्या, रबर बदललं, नवं ग्रीस लावलं, मग गल्लीत चार फेऱ्या मारून दाखवल्या. परत येताना मी बोलायला सुरुवात केली, तर म्हणाले, "चहा पाजा. तो त्याहून मोठा विषय आहे." मी चहा पाजला, पण झाकणांचा विषय काही निघाला नाही.

गेल्या महिन्यात त्यांची शोकसभा झाली. ते कामठीचे गृहस्थ आले होते. उभे राहून म्हणाले, "आपली चूक सांगाले माह्या घरापर्यंत आलेला असा मेकॅनिक मी दुसरा नाही पाह्यला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खुर्चीत बसून होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. ज्या माणसाने ग्रीसच्या बाबतीत आयुष्यात चूक केली नाही, त्याच्या नावावर माझी चूक चढली होती, तीही फुलांसकट.

दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये गेले. रश्मी माझीच विद्यार्थिनी. हिंगण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपासून तीच गॅरेज सांभाळते. मी तिला झाकणांपासून जॅकपर्यंत सगळं सांगितलं. वाटलं, ही पोरगी आता माझ्याशी बोलायची नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, बाबांनी झाकणाचं मले कधीच नाही सांगितलं. ते म्हणायचे, त्या संध्याकाळी मी घाईत होतो, बोटावर घेऊन पाह्यलं नाही. चिठ्ठीवर भरोसा ठेवला, म्हणून चुकलो. मले काम शिकवलं तेव्हा पह्यला धडा हाच." नऊ वर्षं मला वाटत होतं की त्यांनी मला पाठीशी घातलं. त्यांच्या मनात तसं काही नव्हतंच. ती चूक त्यांना खरोखर स्वतःची वाटत होती.

रश्मीने फळीवरून दोन डबे काढले. झाकणांवर माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, तेलकट होऊन पिवळ्या पडलेल्या. त्या त्यांनी कधी काढल्या नव्हत्या. "डोळे मिटा, मॅडम. हात पुढे करा." माझ्या बोटावर थंडगार काहीतरी लागलं. मी अंगठ्याने चोळलं. गुळगुळीत, बोटाला धरून राहणारं, चोळून चोळूनही कमी न होणारं.

"ब्रेकचं," मी म्हणाले.

"बरोबर." तिने पुसायला फडकं पुढे केलं. मी घेतलं नाही. तसाच हात घेऊन गाडीत बसले. स्टिअरिंगवर अंगठ्याएवढा डाग पडला आहे, तो अजून तिथेच आहे.