मी गाळलेले नाव

संमतिपत्र एका पानाचे होते आणि त्याखाली तीन सह्यांच्या जागा होत्या: विद्यार्थ्याची, पालकांची आणि क्रीडाशिक्षकाची. सदर विद्यार्थी यापुढे एकच खेळ खेळेल, दुसऱ्या कोणत्याही खेळाच्या सरावाला किंवा स्पर्धेला जाणार नाही, असा त्यातला मजकूर. आमच्या शाळेने एका खासगी अकादमीशी करार केला होता आणि ही अकादमीची अट होती. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात अशी तीस पत्रे माझ्या टेबलावर आली. मी ती तीसही सहीविना परत पाठवली.

माझ्याकडून असे काही होईल, हे कोणालाच खरे वाटले नाही. एकोणतीस वर्षे मी या शाळेत क्रीडाशिक्षक आहे, आणि सरांच्या शिट्टीला आवाज आहे, सरांना नाही, ही मुलांची जुनी थट्टा आहे. शाळा बडोद्याच्या जुन्या वस्तीत, नागरवाड्यातल्या माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. एके काळी ती मराठी माध्यमाची होती. आता मराठी तिथे शिक्षकांच्या खोलीत आणि माझ्या हजेरीवहीत तेवढे उरले आहे. मुख्याध्यापिका गुजराती आहेत, पण माझ्याशी हौसेने मराठी बोलतात.

"सर, निवृत्तीला सहा महिने राहिले तुमच्या," त्या म्हणाल्या. "सही करून टाका ने. चालशे."

"नाही चालणार, बेन."

"तुम्ही तर कधी कोणाला ना पाडत नाही."

"म्हणून हा एक नकार शिल्लक होता."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एका खेळात लक्ष घातलं तर मुलं पुढे जातात. दोन-तीन खेळांत शक्ती वाया जाते. हे मी नाही, तुम्हीच सांगायचे ने स्टाफरूममध्ये?"

ते खरे होते. मीच सांगत असे, आणि एका मुलीच्या बाबतीत मी ते नुसते सांगून थांबलो नव्हतो.

मी नोकरीला लागलो त्याच्या पुढच्या वर्षी नववीत एक मुलगी होती. ती लांब उडी मारत असे आणि खो-खो खेळत असे. लांब उडीत ती इतकी चांगली होती की मला रात्रंदिवस तिचा पदकासह फोटो दिसू लागला. त्या फोटोत तिच्या शेजारी मी उभा असे, हेही आज कबूल केले पाहिजे. खो-खोत मात्र ती केवळ चांगली नव्हती. ती आनंदात असे. खांबाला वळसा घालताना तिचा एक पाय जमिनीवर आहे की नाही, असा पंचांनाही संशय यायचा. सूर मारून गडी बाद केला की कोपरे सोलवटून घेऊन हसत उठायची. ते सोलवटलेले कोपर मला खुपू लागले. गुडघा गेला तर? घोटा मुरगळला तर? माझा फोटो जाईल.

जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी खो-खोच्या बारा मुलींची यादी क्रीडाशिक्षकाने करायची असते. मी ती साहित्याच्या खोलीत, दार लोटून, एकट्याने लिहिली. पहिल्या तीन नावांत जिचे नाव यायला हवे होते तिचे मी लिहिलेच नाही. यादी पाण्याच्या टाकीजवळच्या फलकावर लावली. तिने ती बोट फिरवत दोनदा वाचली आणि माझ्याकडे आली.

"सर, माझं नाव वरून कापलं का?"

"हो," मी म्हणालो, "वरून."

इतकेच. पुढचे तिने स्वतःच पुरे केले. "माझंच कमी पडलं असेल," ती म्हणाली, आणि मी ते तसेच राहू दिले.

मग ती फक्त लांब उडी मारू लागली. सकाळ-संध्याकाळ, पावले मोजून, खुणेचा दगड ठेवून. काही आठवड्यांत ती धावताना फळीकडे खाली पाहू लागली. पूर्वी ती कधी पाहत नसे. पाय आपोआप पडायचा. राज्यस्तरावर तिच्या तिन्ही उड्या बाद झाल्या. तिन्ही वेळा पाय फळीच्या पुढे आणि तिन्ही वेळा लाल झेंडा. वाळू झटकत ती बाहेर आली तेव्हा मी तिला म्हणालो, "दोन खेळांत लक्ष वाटलं गेलं की असं होतं." गाळलेल्या नावापेक्षा हे वाक्य मला अधिक जाचते. दहावीनंतर तिने मैदान सोडले.

आता त्या तीस पत्रांकडे येतो. त्यांतले एक नववीतल्या एका मुलीचे होते. ती बॅडमिंटन खेळते, अकादमीने तिला सकाळच्या तुकडीत घेतले होते. आणि ती खो-खो खेळते. पत्रावर पालकांची सही झालेली होती, आणि ती सही करणारी आई म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वीची माझी ती विद्यार्थिनी. तरसालीहून स्कूटरवर ती मुलीला घेऊन मैदानावर आली, हेल्मेट हातातच होते.

"सर, तुम्ही सही करत नाही म्हणे? माझ्या मुलीचं अडलं आहे तुमच्यापायी."

"तिला खो-खो सोडायला लावू नकोस."

"हे तुम्ही सांगता?" ती हसली. "तुम्हीच तर शिकवलंत मला. मी दोन्हीकडे पळाले आणि कशातच धड झाले नाही. खो-खोत बारांतसुद्धा बसले नाही मी. हिचं तसं होऊ द्यायचं नाही मला."

"पण मम्मी, मला आवडतो ने खो-खो!"

"आवडायला काय, तुला पाणीपुरीपण आवडते. ती रोज देते का?"

"सर, तुम्ही मम्मीला जरा समजवा ने."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मला समजावण्याची पुष्कळ साधने उपलब्ध होती. वाढत्या वयातल्या मुलांना अनेक खेळांचा फायदा होतो, एकाच सांध्यावर ताण येत नाही, खो-खोतला चपळपणा बॅडमिंटनच्या कोर्टवर उपयोगी पडतो, हे सारे मी शिबिरांत ऐकले आहे आणि ते बहुधा खरेही असेल. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आले की हा युक्तिवादही मी त्याच जुन्या फोटोसाठी करणार होतो. खो-खो खेळू द्या, कारण त्याने बॅडमिंटन सुधारेल. म्हणजे पदक पुन्हा मध्ये आलेच. त्या मुलीला खो-खो आवडतो, एवढे कारण मला पुरेसे वाटत होते, आणि तिच्या आईला ते पुरेसे का वाटत नाही, हे त्या मैदानावर फक्त मला ठाऊक होते. मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो. आईने घड्याळ पाहिले आणि दोघी निघून गेल्या.

रविवारी सकाळी मी खंडेराव मार्केटमध्ये भाजीला गेलो. मुलीची आई पापडीच्या ढिगाशी उभी होती, एकेक शेंग वाकवून पाहत. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मनाशी वाक्य जुळवलेले होते. ते मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो.

"काय म्हणालात, सर?"

पलीकडे मेथीचा भाव पुकारला जात होता. मी पुन्हा म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

तेव्हा मी आयुष्यात क्वचितच काढला असेल इतका आवाज काढला. "तुझं नाव वरून कापलं नव्हतं! मी गाळलं होतं! मी!"

आजूबाजूची चार माणसे वळली. पापडीवाल्या बाईंनी तराजू खाली ठेवला. "साहेब, पापडी लेवी छे के वात करवी छे?" पापडी घ्यायची आहे की बोलायचे आहे, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

तिने हातातली शेंग ढिगावर परत ठेवली. "खो-खोच्या यादीतून?"

"हो."

"म्हणजे मी बारा जणींत होते?"

"पहिल्या तिघींत होतीस."

मी माफी मागितली नाही. तयारी केली होती, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर वाटले की माफी मागणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणे होईल. मग ती बोलली, आणि हळू नाही बोलली.

"अठ्ठावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, मला खो-खो जमायचा नाही. नवऱ्याला सांगितलं. मुलीला सांगितलं. कॉलेजात मैत्रिणी बोलवायला यायच्या, त्यांना सांगितलं. तुम्ही तेव्हा तोंडावर म्हणाला असतात ना, की मी तुला खेळू देणार नाही, तर मी भांडले असते तुमच्याशी. तेवढंसुद्धा ठेवलं नाहीत तुम्ही मला."

"नाही ठेवलं."

"आणि त्या लाल झेंड्यांनंतर काय म्हणाला होतात, आठवतं?"

"शब्दन् शब्द."

तिने पिशवी खांद्यावर टाकली आणि पापडी न घेताच गेली. त्या बाईंनी मला पुन्हा विचारले नाही, पण मी अर्धा किलो घेतली. काहीतरी करणे भाग होते.

सोमवारी मधल्या सुटीत ती एकटी आली. संमतिपत्र तिच्या हातात होते आणि त्यावरच्या स्वतःच्या सहीवर तिने आडवी रेघ मारली होती.

"हे तुमच्यासाठी नाही केलं," ती म्हणाली.

"मला कळतं."

"ती दोन्ही खेळेल. अकादमीने काढलं तर काढू दे, तरसालीत आमच्या सोसायटीत कोर्ट आहे. वारा लागतो तिथे, पण खेळता येतं. आणि सर, एक सांगते. यादी त्या खोलीत बसून लिहायची नाही. मुलींसमोर लिहायची. जी गळेल तिला कारण तोंडावर सांगायचं, तिला रडू आलं तरी."

"मान्य."

"मान्य काय, मी येणार आहे बघायला."

अकादमीने मुलीला खरोखरच तुकडीतून काढले. मला व्यवस्थापनाचे पत्र आले: तीस पत्रांवर सही न करण्याचा लेखी खुलासा तीन दिवसांत द्यावा. मी तो दोन दिवसांत दिला. त्यात लिहिले की कोणत्याही मुलाने कोणता खेळ सोडावा, हे ठरवणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही. आणि हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील म्हणून खाली अठ्ठावीस वर्षांपूर्वीची हकिगतही लिहिली. नाव गाळले, खोटे सांगितले, नंतर दोषही तिलाच दिला, असे तीन वाक्यांत.

मुख्याध्यापिकांनी तो वाचला आणि खालच्या परिच्छेदावर बोट ठेवले. "सर, हे कशाला लिहिता? वरचं ठीक आहे. हे तुमच्याच विरुद्ध जाईल. नवीन कागद देते, पुन्हा लिहा."

"पुन्हा लिहिलं तरी हेच लिहीन, बेन."

"निवृत्तीच्या तोंडावर ठपका येईल. समारंभसुद्धा नाही होणार कदाचित."

"नाही झाला तर नाही. ठपका यायला हवा होता त्या वेळी आला नाही, एवढंच."

मग त्यांनी खुलाशावर आवक क्रमांक टाकला आणि शिक्का मारला. पत्र अजून वर पडून आहे. मी कोणाला भेटायला गेलेलो नाही आणि जाणारही नाही. इतकी वर्षे मी वरच्यांचे नाव पुढे करून स्वतः मागे राहिलो. आता वरचे काय ठरवायचे ते ठरवोत.

शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर खो-खोची निवड झाली. अठरा मुली होत्या. मी फळा बाहेर आणून निंबाला टेकवून ठेवला आणि प्रत्येक डाव संपला की सगळ्यांच्या देखत नावे लिहीत गेलो. मुली भांडल्या. एकीचे नाव त्यांनी मला पुसायला लावले, कारण तिचा एक गडी पंचांनी चुकून बाद धरला होता. त्यांचे बरोबर होते. सहा मुली गळल्या. सहाही जणींना मी कारण सांगितले. दोघी रडल्या. एक म्हणाली, "सर, हे तुमचं चुकतंय," आणि पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा बघण्याचे तिने माझ्याकडून कबूल करून घेतले.

सांगितल्याप्रमाणे ती बघायला आली होती, फाटकापाशी हेल्मेट हातात घेऊन उभी होती. तिची मुलगी यादीत अकरावी आली होती. कोपर सोलवटले होते आणि ती त्याला थुंकी लावत होती, तेव्हा आईने लांबूनच डोळे वटारले.

मी यादी वाचायला सुरुवात केली. तीन नावे झाली असतील.

"सर," फाटकाकडून आवाज आला, "मागे ऐकू येत नाही."

मुली हसल्या. मी घसा साफ केला आणि पहिल्या नावापासून पुन्हा, मोठ्याने वाचू लागलो.