साडेसहाची हजेरी

आदरणीय इंदिराताई तायडे यांची आणि माझी ओळख माझ्या एका थापेमुळे झाली. अमृतमहोत्सवी ग्रंथात असं लिहू नये, हे मला कळतं. पण हा लेख छापण्याआधी ताई स्वतः वाचणार आहेत, आणि त्यांच्यासमोर आणखी थाप मारण्याची माझी हिंमत नाही.

नांदगाव खंडेश्वरच्या बसस्टँडजवळ माझ्या अब्बांचं रेडिओ आणि घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. ताई तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होत्या. एक दिवस त्या आपला रेडिओ घेऊन आल्या. आतली एक तार सुटली होती, दोन मिनिटांचं काम. मी नवा नवा कारागीर, अंगात मस्ती. "कॉइल जळली आहे, दोन दिवस लागतील," असं ठोकून दिलं. तिसऱ्या दिवशी ताईंनी रेडिओ हातात घेतला, लावून पाहिला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "कॉइल जळली नव्हती ना रे, नासिर?"

मी काउंटरवरचे स्क्रू गोळा करू लागलो. ताई म्हणाल्या, "गोळ्या घेतल्या म्हणून मले रोज लोक खोटं सांगतात. तोंडावरून समजते मले." आतून अब्बा हसले, "बाईजी, आपने पकड लिया!" ताईंनी फक्त तार जोडण्याचे पैसे दिले आणि निघून गेल्या. पुढे रेडिओ केंद्र काढताना त्यांनी तंत्रज्ञ म्हणून मलाच बोलावलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तुह्या थापा मले ओळखू येतात. दुसऱ्याच्या कुठं शिकत बसू?"

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पाऊस नको तेव्हा यायचा, आणि आज कोणत्या गावातून काय ऐकू येईल या धास्तीत माणसं सकाळी उठायची. ताई निवृत्त झाल्या होत्या. चाळीस वर्षं ज्या घरांत त्यांनी बाळंतपणं केली, त्याच घरांत कुणी ना कुणी जीव दिला म्हणून आता त्या सांत्वनाला जात होत्या. घरी आल्यावर त्यांना जेवण जायचं नाही. तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायकांना गोळा केलं, संस्था केली आणि त्यांच्या पिंपळखेड गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केलं. नाव ठेवलं 'रेडिओ पांदण'. शेताकडे जाणारी कच्ची वाट म्हणजे पांदण. आमचा आवाज नांदगावला आणि आजूबाजूच्या अकरा गावांपर्यंत पोचायचा.

या केंद्रावर गाणी होती, बाजारभाव होते, लहान मुलांच्या गोष्टी होत्या. पण जीव होता तो साडेसहाच्या हजेरीत. प्रत्येक गावात ताईंनी एक हजेरीदार नेमला होता. संध्याकाळी गावातून एक चक्कर मारायची, ताईंनी जपायला सांगितलेल्या घरांत चूल पेटली आहे का ते पाहायचं, माणसं बोलती आहेत का ते पाहायचं, आणि साडेसहाला केंद्राच्या फोनवर एक मिस्ड कॉल द्यायचा. त्याला पैसे पडत नाहीत. मग ताई माइकवर एकेका गावाचं नाव घ्यायच्या, "खिरडी, हाजर. वाढोणा, हाजर." मिस्ड कॉल आला नाही, तर कार्यक्रम संपताच ताई चपला घालायच्या आणि त्या गावाला जायच्या. उत्तर आलं नाही की जाऊन पाहायचं, एवढा एकच नियम होता.

पहिली तीन वर्षं एका संस्थेची मदत मिळाली. ती संपली आणि आमची धावपळ सुरू झाली. अमरावतीत कुठे कुठे गेलो त्याची यादी देत नाही. चहा सगळीकडे मिळाला. "चांगलं काम आहे" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की पुढेपुढे ते कानावर पडताच मी फाइल बंद करायला लागलो. इकडे केंद्रातलं एक मिक्सर बंद पडलं. मिक्सर म्हणजे सगळे माइक ज्यात जोडतात ते यंत्र. ते दुरुस्त करायला पैसे नव्हते, एकावरच काम चालू होतं. वीज कापण्याची नोटीस आली. पैसा उभा राहिला नाही तर महिनाअखेरीस केंद्राला कुलूप लागणार आणि हजेरी बंद होणार, हे आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसत होतं.

अशात अकोल्याच्या एका बियाणं व्यापाऱ्याने बोलावलं. आम्ही एसटीने गेलो. शेटजींनी वर्षभराचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. मी मनातल्या मनात नवं मिक्सर जोडून मोकळा झालो होतो. मग ते म्हणाले, "बाई, बाकी सब ठीक आहे. ती हजेरी तेवढी बंद करा. रोज कोण जिता, कोण मेला विचारता. त्याच्यामागून माझ्या बियाण्याची जाहिरात कशी वाजणार? मनहूस वाटते."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग तुमचं बियाणं वापरून चुली पेटतात का, हेच विचारतो आमी रोज," एवढं बोलून त्या उठल्या.

परतीच्या गाडीत मी भडकलो. सगळ्या एसटीसमोर ताईंना बोललो. "हजेरीचं नाव बदललं असतं! दुपारी घेतली असती! तुमच्या हट्टापायी सगळं बुडणार!" नांदगावला मी उतरलो आणि जाहीर केलं की उद्यापासून मी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला दुकानात रेडिओ लावला. सवयच होती. अकरा गावं झाली आणि ताईंचा आवाज आला, "नांदगाव, नासिर शेख?" आणि पुढे, "हजेरी आली नाई." मी रेडिओ बंद केला. तिसऱ्या दिवशीही तेच; मी रुसून बसलोय हे माहीत असल्याने त्या पाहायला मात्र आल्या नाहीत. चौथ्या दिवशी शेजारचा पानवाला दुकानात शिरला, "अबे नासिर, काहून भाव खाऊन राहिला बे? बाई रोज इचारून राहिल्या. मिस्ड कॉल दे ना!" त्याच्यामागे भाजीवाल्या मावशी, त्यांच्यामागे दोन रिक्षावाले. मी मिस्ड कॉल दिला. रेडिओवर ताई म्हणाल्या, "नांदगाव, हाजर," आणि पुढचं गाणं लागलं. पुन्हा त्या भांडणाचा एक शब्द त्यांनी आजवर काढलेला नाही.

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका विश्वस्त संस्थेचं पत्र आलं. दोन जण केंद्र पाहायला येणार, आणि पाहून निर्णय घेणार. ही शेवटची आशा होती. ताई त्यांना आणायला अमरावतीला गेल्या आणि केंद्र माझ्या हवाली करून गेल्या. निघताना म्हणाल्या, "काही करू नको. रोज जे करतो तेच कर."

आता माझी चूक सांगतो. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की हातातलं काम टाकून माणूस दारात उभा राहतो. मला तर भांडणाची भरपाईही करायची होती. मी मंडप घातला, बँड बोलावला, शाली-नारळ आणले. पाहुणे चारला यायचे ते रस्त्यामुळे रखडले. साडेसहाला पाच मिनिटं असताना निरोप आला की गाडी फाट्यावर पोचली. मंडपातल्या लाउडस्पीकरला मिक्सर हवं होतं. केंद्रात चालू मिक्सर एकच. मी ते उपटलं आणि मंडपात नेऊन जोडलं. पंधरा मिनिटं हजेरी उशिरा झाली तर काय आभाळ कोसळणार आहे, असं मनाशी म्हटलं.

मला हे सुचलंच नाही की पाहुण्यांच्या जीपमध्ये रेडिओ असेल. ताईंनी तो मुद्दाम लावायला सांगितला होता. "साडेसहा वाजले की ऐका," असं त्या पाहुण्यांतल्या मोठ्या मॅडमना वाटभर सांगत आल्या होत्या. साडेसहा वाजले आणि जीपमध्ये नुसती खरखर.

जीप थांबली. बँड वाजला, सुवासिनी आरती घेऊन पुढे झाल्या. ताई उतरल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने. आधी त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, मला काही झालं नाही याची खात्री केली, आणि विचारलं, "रेडिओ कावून बंद हाय?"

पाहुणे ऐकत होते. मी म्हणालो, "लाइट गेली होती ताई. लोडशेडिंग."

माझ्या डोक्यावर मंडपाचे सगळे दिवे झगझगत होते. लाउडस्पीकर गावभर 'हॅलो, हॅलो' करत होता.

ताई मॅडमकडे वळल्या. "लाइट होती. आमी बंद केला. तुमचं स्वागत कराच्या नादात आमच्या माणसानं चूक केली, आणि त्याले केंद्र सोपवलं मी, म्हणून चूक माही हाय. तुमाले जे लिवाचं ते लिवा." बरोबरचे गृहस्थ खरोखरच काहीतरी लिहू लागले. सगळं संपलं, असं मला वाटलं. जमिनीने गिळून टाकावं म्हणतात ना, तसं झालं होतं.

ताईंनी शाल घेतली नाही, नारळ घेतला नाही. मंडपातलं मिक्सर स्वतः उचललं. "फोन कुठं हाय?" केंद्राचा फोन माझ्या खिशात होता. बँडच्या आवाजात मला कळलंच नव्हतं. त्यावर दहा मिस्ड कॉल होते. ताईंनी ते बोटाने एकेक करून पाहिले. धानोऱ्याचा नव्हता.

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. खिरडीचे सत्तारचाचा, घामाघूम. ताईंना पाहून त्यांनी सायकल तशीच टाकली. "या अल्ला! रेडिओ मुका झाला, आमाले वाटलं बाईच गेल्या!" त्यांच्यामागून वाढोण्याची ऑटो, त्यात पाच बायका. मग मोटारसायकली. कोणी हातातली भाकर टाकून निघालं होतं, एकीचे हात अजून पिठाचे होते. उत्तर आलं नाही की जाऊन पाहायचं, हा नियम ताईंनीच शिकवला होता. आज रेडिओने उत्तर दिलं नव्हतं.

ताईंचं त्या गर्दीत लक्षच नव्हतं. त्या एकेका चेहऱ्याकडे पाहून विचारत होत्या, "धानोऱ्याचं कोणी आलं का? कौसल्या दिसली का कोणाले?"

कौसल्या धानोऱ्याची हजेरीदार. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता. ती घराबाहेर पडेना, म्हणून ताईंनी तिच्यावर गावाची जबाबदारी टाकली होती. चार दिवसांपूर्वीच ती ताईंना म्हणाली होती, "आता कशातच मन लागत नाई." हे मला माहीत होतं. हे माहीत असून मी मिक्सर उपटलं होतं.

माझी मोटारसायकल ऐनवेळी सुरू होईना. मोठ्या मॅडमनी जीपचं दार उघडलं, "ताई, बसा." आम्ही धानोऱ्याच्या पांदणीला लागलो. खड्ड्यांत जीप आपटत होती आणि ताई पुढे वाकून काचेतून पाहत होत्या. मी मनात जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या सगळ्या म्हणून टाकल्या.

अर्ध्या वाटेवर समोरून एक बाई झपझप येताना दिसली. डोक्यावर पदर, एका हातात चपला, एका हातात छोटा रेडिओ. ड्रायव्हरने ब्रेक मारला. कौसल्या होती.

"सकाळपासून लाइट नाई आमच्याकडं," ती धापा टाकत म्हणाली, "मोबाइल बंद. इकडं रेडिओ बोलेना. मनलं ताईले काही झालं. म्हणून निंगाली पायी."

ताई खाली उतरल्या, तिला मिठीत घेतलं आणि हमसून हमसून रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "धानोरा, हाजर." आणि माझ्याकडे वळून, "तुह्या लोडशेडिंगले आग लागो."

मदत मंजूर झाली. पाच वर्षांची. अर्जासोबतच्या अहवालात ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'त्या दिवशी केंद्र बंद होते. कारण, आमची चूक.' मॅडमनी ते वाक्य खोडू दिलं नाही. आज केंद्रात दोन नव्हे, तीन मिक्सर आहेत, आणि कौसल्याताई केंद्रप्रमुख आहेत. या गौरवग्रंथाची कल्पनाही त्यांचीच.

गेल्या वर्षी ताईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणावर होत्या तेव्हापासून अकरा गावांनंतर आम्ही एक बारावं नाव घेतो. साडेसहाला त्यांच्याकडून मिस्ड कॉल येतो. परवा तो आला नाही. मी हातातलं काम टाकून धावलो. घरात पाय ठेवतो तर ताई कॉटवर बसून हसत होत्या. "घड्याळ पाहून राहिली होती. तू किती मिनिटांत येतो ते."

मी खूप चिडलो. तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा टाकायला सांगितला.

ताई, तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. तुमच्या अनेक चाहत्यांनी या ग्रंथात शंभर वर्षांच्या आयुष्याच्या शुभेच्छा दिल्या असतील. त्या सगळ्या तुम्हाला लागोत. माझं मागणं एका दिवसापुरतं आहे, आणि मी ते रोज नव्याने मागणार आहे. आज साडेसहाला मिस्ड कॉल द्या. चेष्टा करू नका. माझंही आता पळण्याचं वय राहिलेलं नाही.